खोलीवार नोंदवही: बीडीडी चाळीनं मुंबईला काय दिलं, ते कसं लिहून ठेवायचं

नायगावच्या बीडीडी चाळीत मी लहानाची मोठी झाले. इथूनच महापालिकेच्या शाळेत शिकवायला जात होते आणि निवृत्त झाले तेव्हाही इथंच राहत होते. आता आम्ही काहीजण मिळून आमच्या इमारतीची नोंदवही लिहितो आहोत. कुठल्या खोलीत कोण राहिलं, त्यांनी या शहरासाठी कोणतं काम केलं, कुणाला आसरा दिला, हे सगळं खोली क्रमांकानुसार. वरळीहून, डिलाईल रोडवरून, म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) वसाहतींमधूनही लोक विचारतात, "बाई, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पाटी कोरी असली तरी चालेल. एक शंभर पानी वही, एक फोन आणि दुपारचा थोडा वेळ, एवढं पुरतं.

आधी आपल्या इमारतीची जन्मकथा पक्की करा

पहिल्या पानावर चाळ कशी उभी राहिली ते लिहा. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली हे खातं निघालं. पुढच्या काही वर्षांत वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, म्हणजे चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. मधून अंधारा बोळ, दोन्ही अंगांना दारं, संडास मजल्यावर सामाईक. या बांधकामासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर १ रुपया कर बसवला होता. सुरुवातीला कामगारांना या कोंदट सिमेंटच्या खोल्या नकोशा वाटत आणि त्यांचं भाडं परवडेना, त्यामुळे कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. वरळीच्या काही चाळी तर १९३० च्या सुमारास सविनय कायदेभंगातल्या सत्याग्रहींना कोंडण्यासाठी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या.

हे मुद्दाम लिहायला सांगते. सरकारनं कामगारांना स्वस्तात घर दिलं, एवढंच आजवर ऐकू येतं, आणि आपली मुलंसुद्धा तेच ऐकत मोठी होतात. गिरण्यांना माणसं हवी होती, बंदराला हवी होती, गटारं आणि रस्ते साफ ठेवायला हवी होती, म्हणून ही घरं झाली. त्या १६० फुटांतून पुढची शंभर वर्षं रोज सकाळी शहराला काय मिळालं, तो हिशेब कुणी मांडलेला नाही. तो मांडायचा आहे.

घाई आहे, कारण पुनर्विकासात या चाळी पाडून तिथं नव्या इमारती होताहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मला त्याचा मनापासून आनंद आहे. सामाईक संडासाच्या रांगेत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना स्वतःचं न्हाणीघर मिळालंच पाहिजे. पण सामान बांधताना पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली जाते आणि आतले कागद रद्दीवाल्याकडे जातात. संक्रमण शिबिरात (नवं घर होईपर्यंतच्या तात्पुरत्या जागेत) गेलेलं कुटुंब वर्षभरात तीन ठिकाणी पांगतं. म्हणून इमारत उभी असतानाच कामाला लागा. रिकामी झाली असेल तर माणसं कुठं गेली त्याची फोन नंबरांसह यादी आजच करून घ्या. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल, ही यादी नंतर होत नाही.

वही खोलीप्रमाणे आखा

बहुतेकजण नामवंतांच्या यादीपासून सुरुवात करतात. चाळीतून कोण डॉक्टर झालं, कोण फौजदार, कोण राष्ट्रीय स्पर्धेत कबड्डी खेळलं. ती यादी दहा नावांत संपते आणि उरलेल्या सत्तर खोल्या गप्प राहतात. म्हणून एका खोलीला एक पान द्या आणि कुठलीही खोली वगळू नका. बंद खोलीलाही पान द्या, ते कोरं राहू द्या. कोरं पान बघून शेजारी आपणहून सांगायला येतात.

पानावर वर खोली क्रमांक. खाली राहून गेलेल्या प्रत्येक कुटुंबाचं आडनाव आणि मूळ गाव, तालुक्यासकट. नुसतं 'कोकण' किंवा 'घाटावरचे' असं लिहू नका. मग काम, आणि इथं सगळ्यात जास्त नेट लावा. 'गिरणीत होते' ही नोंद अर्धी आहे. कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, कायम की बदली (म्हणजे कुणी गैरहजर असेल तेव्हा काम मिळणारे), कोणती पाळी? आमच्याकडे स्प्रिंग मिल हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिथले पुष्कळ. साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून ज्यांनी कापड विणलं त्यांच्या कानांना उतारवयात ऐकू येत नाही, कारण तिथला आवाजच तसा असायचा. हेही त्या पानावर यायला हवं.

'महापालिकेत होते' हेही तसंच सोडून देऊ नका. आमच्या पहिल्या मजल्यावरचे एक अण्णा पाणीखात्यात चावीवाले होते. भल्या पहाटे उठून ते रस्त्यावरच्या व्हॉल्व्हची चावी फिरवत, तेव्हा कुठं एका अख्ख्या वस्तीच्या नळांना पाणी यायचं. ज्यांच्या घरी ते पाणी गेलं त्यांनी अण्णांना कधी पाहिलं नसेल. कुणी हजेरी चौकीवर हजेरी लावून झाडू घेणारे, कुणी केईएममध्ये वॉर्डबॉय, कुणी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, कुणी गोदीत, कुणी चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात, कुणी बेस्टचे कंडक्टर. पोलिसांची घरं तर बीडीडीत मोठ्या संख्येनं. प्रत्येकाच्या कामाचं नाव त्या त्या खात्यातली माणसं जे वापरतात तेच लिहा. पुस्तकी प्रतिशब्द शोधत बसू नका, म्हाताऱ्या माणसाला आपलं काम ओळखू आलं पाहिजे.

"तुमचं योगदान काय?" असं कधी विचारू नका

हा प्रश्न विचारला की माणूस दोन वाक्यांत संपतो. "आम्ही काय केलं बाई, नोकरी केली, पोरं वाढवली." लहान, हाताला लागतील असे प्रश्न विचारा. भोंग्याच्या किती आधी उठत होता? डबा कोण द्यायचं? पहिली पाळी ७ ला सुरू व्हायची, मग रातपाळीचा माणूस घरी येऊन कुठं झोपायचा? खोलीत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं राहिली? तुमच्या ओळखीनं गावाहून कोण कोण मुंबईत कामाला लागलं?

या शेवटच्या प्रश्नापाशी थांबा, वेळ द्या. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या असत. एका गावची माणसं मिळून खोली धरायची, पाळ्यांप्रमाणे झोपायची, प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी आणि अंथरूण वळकटीत. पगारातून गावाच्या मंडळाची वर्गणी निघायची. त्या वर्गणीतून गावात शाळेची इमारत झाली, देवळाचा सभामंडप झाला, विहीर बांधली गेली. अशा मंडळाची जुनी जमाखर्चाची वही हाती लागली तर सोनं मिळालं म्हणून समजा. मुंबईच्या एका खोलीनं साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या एका गावाला काय दिलं, ते त्यात आकड्यांनिशी असतं.

दुसरा प्रश्न मी प्रत्येक दारात विचारते: २६ जुलै २००५ च्या रात्री तुमच्या खोलीत कोण होतं? त्या मंगळवारी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या बाजूला हिंदमाता, तिथं तर साध्या पावसातही पाणी भरतं. कंबरेएवढ्या पाण्यातून आलेली अनोळखी माणसं त्या रात्री चाळींच्या जिन्यांवर, बोळांत, खोल्यांत होती. कुणी कोरडी साडी दिली, कुणी स्टोव्हवर चहाची पातेली चढवली, कुणी पोरांना उठवून पाहुण्यांना जागा करून दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं, नवऱ्याची वाट बघत त्या रात्रभर जाग्या होत्या आणि तरी त्यांच्या खोलीत ऑफिसातून निघालेल्या चार अनोळखी मुली झोपल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

६ डिसेंबरबद्दलही असंच विचारा. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर विदर्भ-मराठवाड्यातून लाखो माणसं येतात. त्यांच्यासाठी आदल्या रात्री भाजी चिरणारे, पाण्याचे पिंप भरणारे, नात्यातल्या-गावातल्या लोकांना खोलीत उतरवून घेणारे हात कुठल्या मजल्यावरचे होते? महापालिकेची व्यवस्था असते, तिची नोंद सरकारदरबारी राहते. या हातांची नोंद आपणच ठेवायची.

बायकांच्या कामाला वेगळा रकाना

हा रकाना पहिल्या दिवशीच आखा, नाहीतर ते सगळं 'गृहिणी' या एका शब्दात गाडलं जाईल.

तळमजल्यावरच्या एका आक्कांशी माझं बोलणं असं झालं.

"आक्का, तुम्ही काय करत होता?"

"काय नाय गं, घरीच होते."

"घरी जेवायला किती माणसं असायची?"

"आमची सहा. आणि बाहेरची चौदा."

बाहेरची चौदा म्हणजे खानावळ. दोन्ही वेळचं जेवण, पाळीप्रमाणे वेगवेगळ्या वेळी, आणि पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना वर्षानुवर्षं या बायकांनी जेवू घातलं, तेव्हा कुठं साचे चालले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांना घेऊन. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेलं. तुमच्या चाळीत खानावळ चालवणारी कुणी असेल तर हा धागा नक्की विचारा.

मग १९८२ चा संप. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप लांबत गेला आणि घरं चालली ती कुणाच्या हातावर? शिवणाच्या मशीनवर, लोणची-पापड, दुसऱ्यांकडची धुणीभांडी, भाजीची पाटी, आयाबाईची नोकरी. 'संपात हाल झाले' एवढं लिहून पुढं जाऊ नका. त्या वर्षी कोणत्या खोलीतल्या बाईनं कोणतं काम सुरू केलं, ते काम पुढं किती वर्षं चाललं, त्यातून कोण शिकलं, असं विचारत जा. आमच्या इमारतीतल्या आज चांगल्या हुद्द्यावर असलेल्या कितीतरी मुलांची फी त्या शिलाई मशीनवर निघालेली आहे.

पोरं सांभाळणं, बाळंतपणाला धावणं, शेजारच्या आजारी माणसाला दवाखान्यात नेणं, मयताच्या घरी पिठलं-भात नेणं, हेही याच रकान्यात. कामावर जाणाऱ्या बाईचं मूल शेजारच्या मावशींनी बिनपैशानं सांभाळलं, म्हणून ती बाई वॉर्डात वेळेवर हजर झाली. दोन्ही नावं लिहा, एकमेकींसमोर.

कधी जायचं, फोन कसा ठेवायचा

दुपारी तीन ते पाच ही वेळ चांगली. सकाळी पाण्याची गडबड, संध्याकाळी टीव्ही आणि स्वयंपाक. एकट्यानं जाऊ नका. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि दोघांत एक तरुण असावा. आजी-आजोबा तरुण पोरांना जास्त खुलवून सांगतात. माझ्यासारखीला म्हणतात, "तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे."

रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या आणि ती परवानगीही रेकॉर्ड करा. फोन विमान मोडवर टाका, दुमडलेल्या पंचावर ठेवा, बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर. पंख्याखाली ठेवू नका. सुरुवातीला तारीख, खोली क्रमांक आणि नाव मोठ्यानं म्हणा, म्हणजे नंतर फाइल कुणाची हा प्रश्न पडत नाही. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. पुन्हा या म्हणाले तर पुन्हा जा. दुसऱ्या खेपेला ते स्वतःच ट्रंक उघडून बसलेले असतात.

साल आठवत नाही तेव्हा

साल कुणाला आठवत नाही, घटना आठवते. वहीच्या शेवटच्या पानावर खुणेच्या तारखा लिहून ठेवा: १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य झालं. १९७२ चा दुष्काळ, गावाहून माणसं लोटली ते वर्ष. २ ऑक्टोबर १९७२, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. जानेवारी १९७४, वरळीची दंगल. जानेवारी १९८२, संप. १२ मार्च १९९३, बॉम्बस्फोट. जुलै २००५. मार्च २०२०, टाळेबंदी. मग विचारा, "कामाला लागलात ते संपाच्या आधी की नंतर? टीव्ही आला होता का चाळीत? कुणाकडे आला पहिला?" दोन-तीन खुणांमध्ये पकडलं की साल एक-दोन वर्षांच्या अंतरावर येतं. वहीत 'सुमारे' लिहा. नेमकं साल फक्त कागद सापडला तरच.

कोणते कागद शोधायचे

भाड्याच्या पावत्या आणि रेशनकार्ड सगळ्यांकडे सापडतात. त्यापलीकडचे हवे असतात: गिरणीचा पास, बदली कार्ड, बेस्टचा बिल्ला, रुग्णालयातलं सेवा प्रमाणपत्र, मनीऑर्डरच्या पावत्या, रात्रशाळेचं प्रगतिपुस्तक. गणेशोत्सव मंडळांचे छापील वार्षिक अहवाल तर फार कामाचे. त्यात वर्गणीदारांची यादी खोलीवार असते, रक्तदान शिबिराचा आकडा असतो, कोणतं नाटक बसवलं ते असतं. चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेला दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव आणि वह्यावाटप करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या कार्यक्रमांच्या पत्रिका जमवल्या की कोणत्या वर्षी किती मुलं पास झाली, मुली किती, याचा आलेख तयार होतो. जिन्याजवळच्या फळ्याचे फोटोही विचारा. अभिनंदन, सभा, दुःखद निधन, सगळं त्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं आणि लग्नाच्या फोटोंत मागे तो हमखास दिसतो.

मूळ कागद घरातून नेऊ नका. तिथंच उजेडात, दाराजवळ, फोननं फोटो काढा आणि कागद त्यांच्या हातात परत द्या. फाइलला नाव देताना मजला, खोली, साल, कागद या क्रमानं द्या.

आता एक गंभीर गोष्ट, आणि ही कुणीही हलक्यात घेऊ नये. पुनर्विकासात घर मिळण्यासाठी पात्रता ठरते, आणि खोलीत केव्हा कोण राहत होतं यावर भावाभावांत, मूळ भाडेकरू आणि पोटभाडेकरू यांच्यात वाद असतात. आपली वही या वादात पुरावा म्हणून कुणाच्या विरोधात वापरली जाता कामा नये. म्हणून भाडं कुणाच्या नावावर होतं, खोली कुणी कुणाला दिली, व्यवहार कितीला झाला, यातलं काहीही लिहू नका. आधारचा क्रमांक असलेला फोटो ठेवू नका. पात्रतेचा निकाल लागेपर्यंत वही नेटवर टाकू नका. दारात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, "आम्ही घराच्या कागदांसाठी आलेलो नाही." लोक तेव्हाच मोकळे होतात.

कडू गोष्टीही लिहा

चाळीबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप गोड लिहितो. एकोपा होता, सगळे सण एकत्र व्हायचे, दारं उघडी असायची. हे खरं आहे, मी ते जगले आहे. पण नळावरची भांडणं, दारू, कोणत्या जातीच्या माणसाला कोणत्या चाळीत खोली मिळायची, हेही खरं आहे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली, ती कितीतरी दिवस धुमसत राहिली. तेव्हा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर दगड टाकले, आणि काहींनी शेजाऱ्यांना दार उघडून आत घेतलं. वरळीत नोंदवही करणाऱ्यांनी हे प्रकरण टाळू नये. ज्यांनी सोसलं त्यांच्या तोंडून, त्यांच्या संमतीनं, त्यांना हवं असेल तर नाव न देता लिहा. हे गाळलं तर दार उघडणाऱ्यांनी केवढं धाडस केलं होतं, तेही कळणार नाही.

परळच्या दामोदर हॉलजवळ मुंबई सुधार ट्रस्टची बीआयटी चाळ आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली तो ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या या चाळीत दोन खोल्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. आसपास गिरणी कामगारांची बिऱ्हाडं होती, तिथल्याच गजबजाटात त्यांचा अभ्यास झाला. मुलांना हे नुसतं सांगू नका, तिथं चालत घेऊन जा आणि तो बोळ दाखवा. सरकारी चाळीच्या खोलीतून काय घडू शकतं, ते त्यांना तिथं उभं राहिल्यावर कळतं.

चोवीस तासांचा तक्ता

सगळ्या पानांतून एक मोठा तक्ता करा. ही माझी सगळ्यात आवडती पायरी. चार कार्डशीट चिकटवा, आडव्या रेघेवर रात्री १२ ते पुढच्या रात्री १२ असे तास मांडा. एखादं साल धरा, समजा १९७८. मग त्या साली इमारतीतून कोण कितीला बाहेर पडत होतं ते खोली क्रमांकासह लिहीत जा.

चारला आरेच्या दूध केंद्रावर जाणारी मुलगी. त्याच सुमारास चावीवाले अण्णा. पहिल्या बससाठी डेपोत निघालेले कंडक्टर काका. साडेसहाच्या आत हजेरी चौकीवर पोचणारे. पावणेसातला गिरणीकडे निघालेला घोळका. मग आयाबाई, शाळेचे शिपाई, मंत्रालयातले पट्टेवाले, टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर. दुपारी साडेतीनला पाळी बदलली की जाणारे आणि येणारे जिन्यात एकमेकांना ओलांडत. संध्याकाळी रात्रशाळेची मुलं, रात्री बंदोबस्ताला निघालेले हवालदार, बाराला तिसरी पाळी.

तक्ता भरत आला की दिसतं, त्या इमारतीतून कुणी ना कुणी शहराच्या कामावर निघालेलं नाही असा तास उरत नाही. आमच्याकडे हा तक्ता बोळात लावला तेव्हा लोक आपापल्या वडिलांचं नाव बोटानं शोधत उभे राहिले. एका दादांनी स्वतः पेन मागून घेतलं आणि आईचं नाव लिहिलं. त्या पहाटे तीनला उठून भायखळ्याच्या बाजारातून भाजी आणायच्या, हे आमच्या वहीत आलंच नव्हतं. म्हणून तक्ता लावताना शेजारी पेन दोरीनं बांधून ठेवा.

लावायचा दिवस १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, दोन्ही. पाहुणा बोलवायचा तर चाळीतल्याच सगळ्यात ज्येष्ठ कामगाराला किंवा खानावळवाल्या आजींना बोलवा, नारळ त्यांच्या हातून फोडा. फलकावर पुढाऱ्यांचे फोटो घेऊ नका. एकदा ते आले की लोकांच्या आईवडिलांचे फोटो खालच्या कोपऱ्यात जातात.

वही कुठं ठेवायची

एकाच घरात कधीही नको. मूळ वही मंडळाकडे, एक झेरॉक्स प्रत दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या विश्वासू कुटुंबाकडे, आणि फोटो-रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क तिसऱ्याकडे. दरवर्षी १ मेला डिस्क उघडून फाइली चालतात का ते बघा. पात्रतेचे वाद मिटले की स्वच्छ टंकलेली एक प्रत ग्रंथालयाला द्यायचा प्रयत्न करा. दादर-नायगावकरांना तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १८९८ सालची संस्था आहे, तिथल्या ग्रंथपालांना भेटून विचारा. जवळच्या महापालिकेच्या शाळेलाही एक प्रत द्या. माझ्या वर्गातली मुलं 'आपला परिसर' शिकायची तेव्हा पुस्तकात त्यांचा परिसर कधीच नसायचा.

आणि ज्या दिवशी नव्या घराची चावी मिळेल, त्याच आठवड्यात वहीच्या शेवटी दोन रकान्यांची यादी जोडा: डावीकडे जुना खोली क्रमांक, उजवीकडे नवी इमारत, मजला आणि घर क्रमांक. चाळीत एका बोळात असलेली वीस कुटुंबं नव्या इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर जातात. ही यादी छापून प्रत्येक घरी द्या, म्हणजे आजारपणात, मयताला, लग्नाला कुणाचं दार कुठं आहे ते शोधावं लागणार नाही. मागची पाच-दहा पानं कोरी ठेवा. नव्या इमारतीतूनही सकाळी परिचारिका निघणार आहेत, डिलिव्हरीची मुलं निघणार आहेत, मेट्रोत काम करणारी मुलगी निघणार आहे. त्यांचे तास त्या पानांवर लिहायला आत्तापासून एखाद्या कॉलेजातल्या पोरीवर जबाबदारी सोपवा.